मानाची कालवड

या गावात नवं माणूस भेटलं की आधी नाव विचारत नाहीत. विचारतात, "तुझी माणसं कोण?" म्हणजे कुठल्या घरातली, कुठल्या शेतावरची, आजा कोण, पणजा कोण. उत्तर पटलं की चेहरा खुलतो आणि मग हवापाण्याच्या गप्पा सुरू होतात. मला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. मला विचारतात, "मूळची कुठली?" दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात, पण पहिला विचारताना माणूस दार उघडतो आणि दुसरा विचारताना साखळी लावून फटीतून बघतो.

दर उन्हाळ्यात अमेरिकेतून कोणी ना कोणी येतं. त्याचा खापरपणजा कधीकाळी इथून बोटीत बसून गेलेला असतो, बस्स, एवढीच त्याची पुण्याई. त्याला गावाचं नावसुद्धा धड उच्चारता येत नाही. तरी त्याच्यासाठी हॉल उघडतात, चहा टाकतात, कोणीतरी त्याला गवतातल्या एका पडक्या भिंतीपाशी नेऊन उभं करतं आणि तो रडतो. "आपलाच आहे तो," असं मग पबमध्ये कौतुकानं सांगतात. माझी मुलगी इथून जवळच्या कासलबार शहरातल्या हॉस्पिटलात जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, आणि मराठीपेक्षा आधी या गावचं इंग्रजी बोलायला लागली. तिला अजून विचारतात, इथली थंडी सोसते का गं.

मला या गावाचा राग येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे माझ्याकडून कोणी समतोल वगैरेची अपेक्षा करणार नाही.

आम्ही इथं आलो ते हौसेनं नव्हे. नवऱ्याला कासलबारच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, माझं डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातलं ऑफिस घरून काम करू देत होतं, आणि तिथली घरं आमच्या आवाक्याबाहेर गेली होती. गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च, काही पब आणि मार्ट. मार्ट म्हणजे गुरांचा बाजार. मधोमध गोल रिंगण, भोवती पायऱ्या, पायऱ्यांवर टोप्या घातलेले पुरुष. रिंगणात जनावर फिरतं आणि हे लोक भुवई जेमतेम हलवून बोली लावतात. बाजाराच्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरातही शेणाचा वास येतो. त्याचं मला काही नाही. मी आर्वीकडची, गुराढोरांच्या घरातली. गावात मला परकी न वाटणारी तेवढी एकच गोष्ट होती.

गावाचा इतिहास हॉलच्या भिंतीवर टांगलेला आहे. एके काळी इथं माणसांची दाट वस्ती होती. जमीनदाराला माणसांपेक्षा गुरं फायद्याची वाटली, म्हणून त्यानं कुळं हुसकावली, झोपड्या पाडल्या आणि सगळं गवताचं रान करून टाकलं. क्षितिजापर्यंत कुरण, त्यात त्याची गुरं, आणि ती राखायला दुसऱ्या काउंटीतून, म्हणजे परजिल्ह्यातून, आणलेला एक गुराखी. पुढे लोक उठले. रात्रीत कुरणाची फाटकं उघडून गुरं रस्त्यावर हाकलून द्यायला लागले. शेवटी ते रान तुकडे करून वाटलं गेलं. ज्यांना ते तुकडे मिळाले, ती ‘घराणी’. कोणाला आधी मिळाला, कोणाला नंतर, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

आमचा शेजारी म्हातारा त्या गुराख्याचा नातू. लग्न केलेलं नाही, मागे कोणी नाही, घरात एक रेडिओ आणि गोठ्यात थोडी गुरं. त्याचा आजा जमीनदाराच्या बाजूनं फाटकापाशी काठी घेऊन उभा राहिला होता, हे गाव अजून विसरलेलं नाही. वैर म्हणावं असं काही दिसत नाही. सगळे त्याला हात करतात, त्याच्या आईच्या मयताला सगळे आले होते. पण मार्टच्या पायऱ्यांवर तो कायम सगळ्यात वरच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून उभा. मी एकदा विचारलं, खाली जागा आहे की, तिथं का बसत नाही? तो म्हणाला, "आम्ही इथंच उभे राहतो." हा ‘आम्ही’ म्हणजे तो आणि त्याचे मेलेले बापजादे.

त्याची एक गाय वेताच्या वेळी मेली आणि पांढरंशुभ्र वासरू मागे राहिलं. माझी मुलगी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. शाळेतून आली की दप्तर फेकून त्याच्या गोठ्यात. बाटलीनं दूध पाजायची, पेंढा बदलायची, पुढं पुढं म्होरकी घालून फिरवायलाही लागली. माझ्या बाबांना व्हिडिओ कॉलवर ते वासरू दाखवलं तर ते हरखूनच गेले. आर्वीकडची आमची गवळाऊ गुरं अशीच पांढरी. त्यांनी तिथून नातीला धडे द्यायला सुरुवात केली. गुराशी कसं बोलायचं, कसं थांबवायचं, कसं बोलवायचं.

आणि मग मी एक दिवस कुंपणापलीकडून ऐकलं. माझ्याशी जन्मात मराठीत न बोलणारी माझी पोरगी, जेवलीस का विचारलं तर "आय'म ग्रँड, मम", म्हणजे ठीक आहे मी, एवढंच म्हणणारी, त्या वासराला म्हणत होती, "ये बाई, ये. अशी नको करू. सरक बघू तिकडे." उच्चार बेताचाच, पण शब्द न् शब्द मराठी. मी तिथं उभी राहून चक्क रडले. नंतर रागही आला. मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, ते सगळं त्या वासराच्या वाट्याला!

वासराची कालवड झाली. ती मुलीच्या हाकेशिवाय सहसा हलायची नाही. म्हाताऱ्यानं इंग्रजीत कितीही शिव्या घातल्या तरी ढिम्म.

त्या वर्षी मार्टचा मोठा वाढदिवस होता. हेरिटेज कमिटीनं ठरवलं की उन्हाळ्यात मुख्य रस्त्यावरून गुरांची मिरवणूक काढायची. प्रत्येक घराण्यानं आपलं एक जनावर घेऊन चालायचं, आणि लाउडस्पीकरवर त्या घराण्याचा इतिहास सांगायचा. मुलीनं त्याच दिवसापासून कालवडीला चालायचा सराव सुरू केला. तिला दुसरं काही सुचेना. या गावात तिनं आजवर काही मागितलं नव्हतं. तिला त्या रस्त्यावरून, सगळ्यांच्या देखत, आपली कालवड घेऊन जायचं होतं.

मी हॉलमधल्या बैठकीला गेले. कमिटीच्या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, त्यांच्या घराण्याला पहिला तुकडा मिळालेला. बाई गोड बोलतात. मला बघून म्हणाल्या, "तुमच्यासाठी आम्ही खास विचार केलाय. रस्त्याच्या शेवटी आंतरराष्ट्रीय स्टॉल आहे. मागच्या वेळचे तुमचे समोसे काय सुंदर होते!"

मागच्या वेळी समोसे मी आणलेच नव्हते. ते कोणी आणले मला आजतागायत माहीत नाही.

मी म्हटलं, स्टॉल नको, माझी मुलगी कालवड घेऊन चालेल. त्या हसल्या. "पण मिरवणूक घराण्यांची आहे ना. जमीन ज्या क्रमानं मिळाली त्या क्रमानं."

माझं डोकं सटकलं. मी उभीच राहिले. म्हटलं, घराण्याचं मला सांगू नका. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गुरं आहेत. आमच्याकडे पोळा नावाचा बैलांचा सण असतो, गावच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सगळ्या गावाचे बैल सजवून त्याखाली ओळीनं उभे करतात, आणि त्या ओळीत पहिला बैल माझ्या वडिलांचा असतो. पहिला! तो गेल्याशिवाय दुसरा हलत नाही.

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, जिंकले.

अध्यक्षबाईंनी मनापासून रस घेऊन विचारलं, "आणि हा क्रम ठरतो कसा?"

"गाव ज्यांनी वसवलं ते पुढे," मी म्हटलं.

"आणि नंतर आलेले?"

"मागे."

"आणि अगदी बाहेरून आलेले?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण मला आमच्या पोळ्याची शान सांगायची होती ना. "ते तोरणाखाली नसतात," मी म्हणाले. "ते बाजूला उभे राहून बघतात."

"मग तुम्हाला तर हे कोणापेक्षाही चांगलं कळायला हवं," बाई म्हणाल्या. अगदी प्रेमानं. आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.

घरी येऊन मी भांडी आपटली. बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते, उन्हाळाभर राहायला. भर जुलैत स्वेटर आणि माकडटोपी घालून खिडकीशी बसायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, बाबा पेटून उठतील. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली नाही.

"काऊन वं, बरोबरच तं हाय त्याहीचं."

"बाबा!"

"आता तूच सांग. आपल्या पोयात उपऱ्याचा बैल तोरनाखाली उभा केला होता काय कधी? थो छत्तीसगडाकडचा आला होता, आठवते? थ्याची जोडी आपल्यापेक्षा देखनी होती. गावानं उभी राहू देली काय?"

मला आठवत होतं. शिंगांना निळी बेगड लावलेली ती जोडी देवळामागे उभी होती आणि तो माणूस त्यांच्या पाठीवरून नुसता हात फिरवत होता. मी तेव्हा नवा फ्रॉक घालून आमच्या बैलापुढे मिरवत होते.

"ते चूक होतं," मी म्हटलं.

"तवा नाई वाटली तुले चूक," बाबा म्हणाले. "आता सोताच्या पोरीवर आली तं वाटून राह्यली. गाव म्हटलं का क्रम येतेच, बाप्पा. आपलं गाव आपलं राखते, हे याहीचं राखून राह्यले."

त्यांच्याशी मी तीन-चार दिवस धड बोलले नाही. बाप बरोबर बोलला की जास्त संताप येतो. पण मला अजूनही वाटतं की बरोबर असणं आणि माझ्या बाजूनं असणं यांत निवड करायची वेळ आली, तर बापानं दुसरं निवडावं.

मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात म्हातारा शेजारी आमच्या दारात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. आत ये म्हटलं तरी येईना. मुलगी माझ्या मागेच उभी होती. तो तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलायला लागला. कमिटीच्या बाई त्याच्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, जुनी गोष्ट आता पुरे झाली. त्याची कालवड त्या भागातली सगळ्यात देखणी आहे, तेव्हा ती पहिल्या ओळीत चालावी. फक्त म्होरकी त्यांच्या नातवाच्या हातात असावी. म्हणजे दोन घराणी एकत्र आल्यासारखं दिसेल. गावाला बरं वाटेल.

"आमच्यातलं कोणी मुख्य रस्त्यावरून गुरं घेऊन कधी पुढून गेलेलं नाही," तो म्हणाला. "माझे वडील चर्चमागच्या बोळातून न्यायचे. मीही तिथूनच नेतो."

मी विचारलं, "आणि ही?"

त्यानं टोपी हातात फिरवली. "ती लहान आहे. तिला अजून पुष्कळ मिरवणुका बघायच्या आहेत. मला नाहीत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "इट्स ग्रँड. ऑनेस्टली. शी'ज युवर काऊ." आणि वर निघून गेली. म्हातारा मान डोलवून गेला. त्याला खरंच वाटलं, ग्रँड आहे. इथली माणसं हा शब्द किती वेगवेगळ्या तऱ्हांनी बोलतात, तरी ऐन वेळी त्यांना तो ऐकता येत नाही.

मी त्या म्हाताऱ्याचा मनापासून द्वेष केला. बाईंचा तर आधीपासून करतच होते. त्यांनी तिढा इतका झकास सोडवला होता की कोणावर बोट ठेवायला जागा नव्हती.

मिरवणुकीच्या सकाळी मुलगी नेहमीच्या वेळी गोठ्यात गेली. मी म्हटलं, जाऊ नकोस, करू दे त्यांचं त्यांना. ती गेलीच. तिनं कालवडीला शाम्पूनं धुतलं, शेपटीचा गोंडा विंचरून फुगवला, खुरं घासली. आणि ती पांढरी चकचकीत कालवड अध्यक्षबाईंच्या नातवाच्या हातात देऊन घरी आली, कपडे बदलले आणि आमच्याबरोबर फुटपाथवर येऊन उभी राहिली. बाबा मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना; नवऱ्याची हॉस्पिटलात ड्यूटी होती.

मुख्य रस्त्यावर पताका होत्या. पहिल्या ओळीत ती कालवड, एका बाजूला नातू, दुसऱ्या बाजूला म्हातारा, सूट घातलेला. तो सूट त्याच्या वडिलांचा असावा, खांद्यांवर लोंबत होता. लोक टाळ्या वाजवत होते. कोणीतरी त्याच्या नावानं आरोळी ठोकली आणि त्याचा चेहरा असा काही फुलला की मला क्षणभर, अगदी क्षणभर, बरं वाटलं. लाउडस्पीकरवरून बाई सांगत होत्या, जुन्या जखमा, मोठी मनं, एक गाव.

आमच्यासमोर आल्यावर कालवड थांबली.

नातवानं म्होरकी ओढली. कालवडीनं पाय रोवले. म्हाताऱ्यानं मागून थोपटलं. काही नाही. मागची गुरं एकमेकांवर आदळायला लागली, मागून कोणी ओरडलं, पुढच्या लोकांना हसू आलं. बाईंचा इतिहास सांगून संपला, मग त्यांनी हवेबद्दल काहीतरी सांगितलं, तेही संपलं आणि लाउडस्पीकर नुसता खरखरत राहिला. कालवड मान वळवून आमच्याकडे बघत होती. मुलगी हाताची घडी घालून समोरच्या दुकानाची पाटी वाचत होती.

मला किती आनंद झाला सांगू! मला वाटत होतं, अडू दे. संध्याकाळपर्यंत अडू दे. त्यांची सगळी घराणी रांगेत ताटकळू देत.

म्हातारा फुटपाथपाशी आला. लालबुंद झालेला, कपाळावर घाम. "हाक मार ना तिला," तो मुलीला म्हणाला. "फक्त पुढे जायला सांग. तू सांगितलंस की ती ऐकते."

सगळा रस्ता आमच्याकडे बघत होता. मुलीनं पाटीवरची नजर काढली आणि म्हाताऱ्याकडे पाहिलं. आणि ती बोलली ते मराठीत. स्पष्ट, सावकाश, आजोबांनी शिकवलेल्या त्या उच्चारात.

"माझी नाही ती. तुमची आहे. तुम्हीच हाका."

त्याला एक अक्षर कळलं नाही. त्या अख्ख्या रस्त्यावर ते फक्त आम्हा दोघांना कळलं, मला आणि बाबांना. आम्हा दोघांना आणि कालवडीला म्हणायला हवं, कारण तो आवाज आणि ती भाषा कानावर पडताच तिनं मान झटकली, नातवाच्या हातातली दोरी सुटली, आणि ती सरळ फुटपाथवर चढून मुलीपाशी आली. आपलं धुतलेलं कपाळ तिनं मुलीच्या छातीवर टेकवलं आणि तिथंच उभी राहिली. लोक हसले, काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाबांनी माझा दंड घट्ट धरला.

मला वाटलं, आता ही म्होरकी धरेल आणि चालू लागेल. पहिल्या ओळीत, नाहीतर घराकडे, कुठेही. मी तिच्या कानात सांगणारही होते, धर, धर ती दोरी.

मुलीचे हात घडीतून सुटले. तिनं कालवडीच्या दोन्ही कानांमागे एकदा खाजवलं, जसं रोज खाजवायची तसं. मग तळवा तिच्या कपाळावर ठेवला आणि जोर लावून तिला मागे ढकललं.

"जा," ती म्हणाली. "तुझी माणसं तिकडे आहेत."

कालवड हलेना, तेव्हा तिनं आणखी एकदा ढकललं. म्हाताऱ्यानं दोरी उचलली. कालवड गेली, मान वळवत वळवत, आणि मागची सगळी मिरवणूक हलली. लाउडस्पीकरवर बाईंना आवाज परत सापडला. बाबा मान खाली घालून टोपीनं डोळे पुसत होते, आणि मला ना त्यांच्यावर रागावता येत होतं ना या गावावर, कारण ते ‘तुझी माणसं’ तिला आमच्या दोन्ही गावांनी मिळून शिकवलं होतं.